कलम हापूसचंच आहे, हे डीएनएवरून कळतं का?

कातळावरचा

नमस्कार मंडळी,

राजापूरजवळ कातळाला लागून आमची थोडी जमीन आहे. सुरुंग लावून खड्डे पाडले, मळ्यातली माती वर वाहून नेली आणि हापूसची कलमं लावली. आता झाडं धरायला लागली आहेत. बरीचशी हापूसचीच, त्यात शंका नाही. पण बांधाच्या बाजूची काही आणि मधलं एक अशी झाडं वेगळीच निघाली. बांधावरच्यांचं फळ लांबट, टोकाला चोच, पिकलं तरी देठाशी हिरवं, आणि कापलं की रेषाच रेषा. हापूसला अशी चोच नसते हे कोकणातलं शेंबडं पोरही सांगेल.

कलमं ज्या नर्सरीतून आणली ते म्हणतात, "कलम हापूसचंच दिलं होतं, जमिनीने गुण बदलला." मला हे पटत नाही.

तर प्रश्न असा. झाडाचं पान प्रयोगशाळेत देऊन "हे हापूस आहे की नाही" हे नक्की सांगता येतं का? आणि तसं असेल तर बाजारात देवगड-रत्नागिरी म्हणून खपवला जाणारा परमुलखातला हापूसही त्याच चाचणीने पकडता येईल का?

माझं मत आधीच सांगतो. बियाण्याच्या पिशवीवर वाणाचं नाव, उगवणीचा टक्का सगळं छापलेलं असतं. कलम तर दोन पिढ्या उभं राहायचं. त्याला वाणाचा खात्रीचा कागद हवाच.

पाटपाणी

आमचो आजो पान चुरगळून वास घेऊन सांगायचो, ह्यां झाड पायरीचां काय हापूसचां. फी एक विडी.

चैत्रपालवी

वाचतेय. आमच्याकडेही असंच एक "केसर" आहे, ते नेमकं काय आहे हे कुणालाच माहीत नाही.

रेणू_प

माझं काम याच विषयाजवळचं आहे (वनस्पतींचं रेणवीय वर्गीकरण), म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, सांगता येतं. पण कोणती चाचणी, हे महत्त्वाचं. "डीएनए बारकोड" हा शब्द हल्ली सगळीकडे ऐकू येतो. ती कल्पना २००३ साली कॅनडातल्या पॉल हेबर्ट यांनी प्राण्यांसाठी मांडली. सगळ्या प्राण्यांच्या मायटोकाँड्रियात (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागात) असलेल्या एका ठरावीक जनुकाचा छोटा तुकडा वाचायचा आणि त्यावरून जात ओळखायची. वनस्पतींत तो तुकडा चालत नाही, कारण त्यांच्या मायटोकाँड्रियातली जनुकं फार सावकाश बदलतात. म्हणून २००९ साली वनस्पतींसाठी हरितलवकातली दोन जनुकं ठरवण्यात आली, आरबीसीएल आणि मॅटके. त्या वेळच्या तपासणीत या जोडीने सुमारे ७२ टक्के जाती वेगळ्या ओळखता आल्या. उरलेल्यांत निदान जवळच्या जातींचा गट तरी कळत होता.

पण हापूस, पायरी, केसर, दशेरी या सगळ्यांची जात एकच, मँजिफेरा इंडिका. बारकोड फार तर "हा आंबा आहे" एवढंच सांगेल. म्हणजे नुसतं आडनाव कळेल, घरातला कोण ते नाही.

वाण ओळखायला लागतात मायक्रोसॅटेलाइट. डीएनएत काही ठिकाणी दोन-तीन अक्षरांची तीच ती पुनरावृत्ती होते, सीएसीएसीए अशी. ती किती वेळा झाली आहे हे वाणागणिक बदलतं. अशा दहा-पंधरा जागा मोजल्या की त्या आकड्यांचा संच त्या वाणाची ओळख होतो. दोन वेगळ्या वाणांचा अख्खा संच जुळण्याची शक्यता नगण्य. तुमच्या झाडाचा संच खात्रीच्या हापूसशी जुळला तर ते हापूस, एकदोन जागी नव्हे तर निम्म्या जागी बिनसलं तर नाही. "जमिनीने गुण बदलला" हे या बाबतीत खरं नाही. जमिनीने चव, आकार, साल, टिकाऊपणा बदलेल. हे आकडे बदलत नाहीत.

अण्णा_मास्तर

रेणूताई, छान. "खात्रीच्या हापूसशी" हे शब्द लोकांनी दोनदा वाचावेत. त्यावर मी नंतर येतो.

टिवल्याबावल्या

म्हणजे आंब्याची पितृत्व चाचणी! मालिकेत दाखवा, दोन वर्षं चालेल.

रेणू_प

@टिवल्याबावल्या, ती खरोखर होते. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेला रत्ना हा नीलम आणि हापूस यांचा संकर. १९८१ साली आला. रत्नाच्या प्रत्येक जागी मोजलेल्या दोन आकड्यांपैकी एक नीलमकडून आणि एक हापूसकडून आलेला दिसायला हवा. तसा दिसला नाही तर ते झाड रत्ना नाही. पुढे रत्ना आणि पुन्हा हापूस यांच्यापासून सिंधू काढला, बारीक पातळ कोयीचा. त्यात हापूसचा वाटा आणखी वाढलेला दिसतो.

देवगडचो_बागायतदार

सगळं ठीक. पण आमचा आंबा मशिनीला कळेल हे मी मानणार नाही. समुद्रावरून येणारा खारा वारा, खाली जांभा, पाणी धरून न ठेवणारी जमीन, याने हापूस होतो. तीच काडी घाटावर नेऊन लावा, झाड होईल, फळ होईल, पण ती साल, तो वास नाही. म्हणूनच २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. तुमचा डीएनए त्या मानांकनाचं काय करणार?

रेणू_प

बागायतदार, तुमचा मुद्दा पूर्ण बरोबर आहे आणि कातळावरचा यांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. डीएनए ते काम करू शकत नाही.

हापूसचं प्रत्येक झाड कलमाने वाढवलेलं. म्हणजे देवगडचं, रत्नागिरीचं, कर्नाटकातलं आणि गुजरातेतलं झाड एकाच मूळ झाडाच्या फांद्या. आफ्रिकेतल्या मलावीतला हापूस नोव्हेंबर-डिसेंबरात मुंबईत येतो, त्या बागाही कोकणातून नेलेल्या काड्यांवर उभ्या केलेल्या. त्याचा डीएनए तपासला तर "हापूस" असंच उत्तर येईल, आणि ते खरं असेल. मानांकन जागेचं आहे, डीएनए वंशाचा आहे.

जागा शोधायची तर दुसरी वाट आहे. फळात जमिनीतून आलेल्या मूलद्रव्यांचं प्रमाण आणि स्ट्रॉन्शियम, ऑक्सिजन यांच्या समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंचं) गुणोत्तर मोजतात. खडक बदलला की स्ट्रॉन्शियमचं गुणोत्तर बदलतं. वाइनसाठी, तांदळासाठी हे जगात वापरलं गेलं आहे.

देवगडचो_बागायतदार

हे पटलं. मग त्याच्या मागे लागा, पाण्यासारखा पैसा जातो आमचा दर हंगामात.

मांडवीकाठ

गोव्याहून. आमच्याकडे हापूसपेक्षा मानकुरादला मान, आणि यावर मी भांडायला तयार आहे. :) गोवा मानकुरादला २०२३ साली मानांकन मिळालं. पण मानकुरादमध्येच इतके प्रकार आहेत की म्हापशाच्या बाजारातल्या बायका एकमेकींच्या टोपलीला मानकुराद मानत नाहीत. मुसराद, हिलारिओ, फेर्नांदीन, शाविएर ही नावंही आता ऐकू येईनाशी झालीत. कुणाच्या तरी परसात एकुलतं झाड उरलेलं असतं. रेणू, एका वाणात इतके प्रकार असू शकतात का, की ते वेगळे वाण आहेत?

रेणू_प

दोन्ही शक्य. कलमाची काडी ज्या फांदीवरून घेतली तिथे कधी एखादा बदल झालेला असतो, तो पुढे कलमात उतरतो. शे-दोनशे वर्षं कलमावर कलम होत गेलं की असे बदल साठतात. मायक्रोसॅटेलाइटच्या मोजक्या जागांवर ते बहुधा दिसत नाहीत, त्यासाठी पूर्ण जनुकसंच वाचावा लागतो. आणि काही वेळा मानकुरादची कोय रुजून आलेलं चांगलं झाड कुणीतरी मानकुराद म्हणूनच पुढे वाढवलेलं असतं. ते मात्र चाचणीत लगेच उघडं पडतं.

अण्णा_मास्तर

कोयीचा विषय निघालाच आहे तर बोलतो. तीसेक वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, आंब्याचा मोहोर टेबलावर घेऊन बसणं हा माझा आवडता तास.

हापूसची कोय लावली तर हापूस येत नाही, रायवळ (कोयीपासून वाढलेला गावठी आंबा) येतो, हे सगळ्यांना ठाऊक. कारण कोयीतला गर्भ परागीभवनातून झालेला, दुसऱ्या कुठल्यातरी झाडाचा परागकण त्यात आलेला. भारतातले बहुतेक आंबे असेच एकगर्भी. आग्नेय आशियातले बरेच आंबे बहुगर्भी असतात. त्यांच्या कोयीत आईच्याच पेशींपासून आणखी गर्भ तयार होतात. अशी कोय रुजली की दोन-चार रोपं वर येतात आणि त्यातली बरीचशी हुबेहूब आईसारखी. एकाच जातीत या दोन तऱ्हा, मोठी कौतुकाची गोष्ट आहे ही.

आता मोहोर. एक फूल चिमटीत धरून भिंगाखाली पाहा. पाच पाकळ्या, मध्ये फुगीर चकती, आणि पुंकेसर? पाच असायला हवेत. पण धडधाकट, गुलाबी-जांभळ्या परागकोशाचा बहुधा एकच. बाकीचे खुरटलेले, टोकाला नुसता ठिपका. त्याच मोहोरात काही फुलं द्विलिंगी, काही नुसती नर. काजूच्या फुलातही एक पुंकेसर इतरांपेक्षा मोठा असतो. काजू ब्राझीलचा, आंबा आपल्या बाजूचा, मध्ये अख्खा समुद्र, पण कूळ एकच, अ‍ॅनाकार्डिएसी. बिब्बा, चारोळी, आंबाडा, पिस्ता हीही त्याच घरातली.

आणि हे घर जुनं आहे. मेघालयात दामलगिरीला पॅलिओसीन काळातल्या खडकांत आंब्यासारख्या पानाचा जीवाश्म सापडला. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या संशोधकांनी इतरांबरोबर १९९८ साली त्याचं वर्णन केलं, नाव ठेवलं इओमँजिफेरोफायलम. साधारण सहा कोटी वर्षांपूर्वीचं पान. आपला सह्याद्री ज्या लाव्हाने घडला तो थंड होऊन भूशास्त्राच्या हिशोबात फार काळ लोटला नव्हता, आणि भारताची आशियाशी धडक अजून व्हायची होती.

चैत्रपालवी

मास्तर, दंडवत! उद्या सकाळी मोहोर घेऊन बसते. आमच्या गच्चीवरच्या कुंडीत आहे एक.

एडिसनकर

न्यू जर्सीहून. बिब्ब्याचं नाव वाचलं म्हणून. इथे घरामागच्या झाडीत पॉयझन आयव्ही नावाचा वेल असतो, हात लागला की फोड येतात. मला एकदा तो जोरात बाधला. त्यानंतर आंब्याची साल ओठांना लागली की ओठ सुजायला लागले, जे भारतात कधीच झालं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, "मँगो खाता का?" तो वेलही याच कुळातला म्हणे. खरं का?

अण्णा_मास्तर

खरं. तोही अ‍ॅनाकार्डिएसी. आपल्याकडे चीक उतला म्हणतात तेच ते. आंब्याच्या चिकात आणि सालीत त्या वेलातल्या विषाच्या जवळची द्रव्यं असतात. शरीराने एकदा ते ओळखून ठेवलं की पुढे दोन्हीवर उठतं. साल काढून दुसऱ्याने चिरून दिलेला आंबा बहुतेकांना चालतो, पण तुमच्या डॉक्टरांना विचारा.

रेणू_प

यात भर घालते. आंब्याचा पूर्ण जनुकसंच २०२० साली प्रसिद्ध झाला आणि त्यासाठी निवडलेलं झाड हापूसचं होतं. सुमारे चाळीस कोटी अक्षरं. त्यात असं दिसलं की या वंशात पूर्वी कधीतरी सगळाच जनुकसंच दुप्पट झालेला आहे. वनस्पतींत हे बरंच घडतं. दुप्पट झालेली बरीच जनुकं पुढे हरवतात, काही मात्र टिकून नवी कामं उचलतात. आंब्यात एका गटाची जनुकं खास वाढलेली दिसली, आणि संशोधकांनी त्यांचा संबंध याच चिकातल्या द्रव्यांशी जोडला. म्हणजे एडिसनकरांच्या ओठांचा इतिहास फार मागे जातो.

टिवल्याबावल्या

एडिसनकर, आता आंबा बाधला तर सांगा, "जनुकसंच दुप्पट झाला होता."

वैद्य_मृणाल

थोडं अवांतर, पण ओळखीच्याच प्रश्नावर. आमच्याकडे याची खरी निकड अशोकाला आहे. औषधात लागते सीता-अशोकाची साल, साराका असोका. बाजारात अशोक म्हणून बऱ्याचदा येते ती सोसायटीच्या कुंपणाला लावतात त्या उंच हिरव्या झाडाची. ते तर सीताफळाच्या कुळातलं, साराका शेंगांच्या कुळातली. दोघांचा दूरवर संबंध नाही. झाड समोर असेल तर लहान मूलही सांगेल. सीता-अशोकाला केशरी-लाल फुलांचे झुबके, जोडपानं, कोवळी पानं लोंबती. पण सालीचे वाळके तुकडे पोत्यातून आले की काय ओळखणार? आणि सीता-अशोक रानातून इतका ओरबाडला गेला आहे की तो आता असुरक्षित जातींच्या यादीत आहे.

माझा प्रश्न, वाळलेल्या सालीतून डीएनए मिळतो का? आणि अशोकारिष्टातून?

रेणू_प

वैद्य ताई, सालीतून मिळतो, पण तुटलेला. म्हणून लांब तुकड्याऐवजी आयटीएस-२ सारखा आखूड तुकडा वाचतात. औषधी वनस्पतींसाठी तो बराच उपयोगी ठरला आहे. आणि तुम्ही सांगितलेली भेसळ दोन वेगळ्या कुळांतली, त्यामुळे तिथे साधा बारकोडही स्वच्छ निर्णय देतो. हापूस-पायरीसारखी अडचण नाही.

अरिष्टात मात्र काढा उकळलेला, आंबवलेला. डीएनए बहुधा नसतोच, असला तर चुरा. तिथे रसायनशास्त्राकडे जावं लागतं, घटकांचा पट्टा काढून तुलना करावी लागते. पण अरिष्टापर्यंत थांबायचंच कशाला? पोतं कारखान्यात उतरतं तिथेच तपासावं.

अण्णा_मास्तर

आता माझा राहिलेला मुद्दा. यंत्र अक्षरं वाचतं, नाव देत नाही. नाव देण्यासाठी ती अक्षरं आधी कुणीतरी ओळखलेल्या झाडाशी ताडून पाहावी लागतात. ते झाड चुकीचं ओळखलेलं असेल तर पुढची हजार उत्तरं चुकणार, आणि ती अगदी आत्मविश्वासाने चुकणार.

म्हणून नमुनासंग्रह पाहिजे. फूल, पान, फळासकट दाबून वाळवलेली फांदी, कुठे, कधी, कुणी गोळा केली याची चिठ्ठी. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचा, आघारकर संस्थेचा, मुंबईत झेवियर्समधला ब्लाटर संग्रह, हे सगळं त्यासाठीच जपलेलं असतं. १९९३ साली आरबीसीएल जनुकावरून ४९९ जातींचा वंशवृक्ष काढला गेला तेव्हाही त्यातल्या प्रत्येक जातीला आधी कुणीतरी डोळ्यांनी ओळखलं होतं. हल्ली कॉलेजात विद्यार्थ्यांना पीसीआर (डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणं) करता येतो, पण मैदानातलं गवत ओळखता येत नाही. ही मला गंभीर गोष्ट वाटते.

आणि वाणांसाठी तर जिवंत संग्रहच हवा. दाबलेल्या पानावरून हापूस-पायरी कोण सांगणार?

रेणू_प

१००% सहमत. आमच्याकडे जगभरच्या अक्षरांच्या साठ्यात शोध घेतल्यावर एकाच झाडाला तीन नावं दिसतात तेव्हा शेवटी फोन अशाच कुणातरी मास्तरांना जातो.

पाटपाणी

म्हणजे माझो आजो हवोच!

कोकणकडा७७

मास्तर आहेत तर विचारून घेतो. झाड तेच, डीएनए तोच, मग एका फांदीला मोहोर आणि शेजारच्या फांदीला पालवी का? आणि हापूस वर्षाआड का धरतो? यंदा आमच्याकडे मोहोरातच पानं निघाली आहेत, हे काय?

अण्णा_मास्तर

शेंड्याच्या डोळ्यात दोन्ही शक्यता असतात. डोळा फुगायला लागतो त्या दिवसांत थंडी असली तर मोहोर, ऊब असली तर पालवी. फुगत असतानाच हवा बदलली तर एकाच दांड्यावर दोन्ही. तुमच्याकडची मोहोरातली पानं म्हणजे तेच, रात्री थंड होऊन पुन्हा उकडायला लागलं असणार. दांडा नीट पाहा, खालच्या बाजूला पानं आणि वर फुलं की उलट, त्यावरून आधी थंडी होती की ऊब ते सांगता येतं.

पण थंडी पडली म्हणून कुठलाही डोळा मोहोरत नाही. नुकती फुटलेली पालवी कोवळी असते, ती फांदी जून व्हायला हवी. मोहोराचा निरोप पानांतून येतो ही कल्पना सोव्हिएत शास्त्रज्ञ चायलाख्यान यांनी १९३० च्या दशकात मांडली. तो निरोप म्हणजे नेमकं काय हे कळायला सत्तर वर्षं गेली. एफटी नावाच्या जनुकाचं प्रथिन पानात तयार होतं आणि शेंड्यापर्यंत प्रवास करतं. याउलट जिबरेलिन हे संप्रेरक आंब्यात मोहोर रोखून वाढ चालू ठेवतं. ज्या वर्षी झाड फळांनी लगडतं त्या वर्षी नवी फूट उशिरा आणि थोडी येते, आणि ती थंडीपर्यंत जून होत नाही. मग पुढचं वर्ष रिकामं.

देवगडचो_बागायतदार

कल्टार (झाडाची वाढ रोखणारं औषध) घालतो ते त्याच जिबरेलिनला रोखायला. मोहोर लवकर येतो, दरवर्षी येतो. पण मात्रा चुकली तर पानं आखडतात, फांद्या गुच्छासारख्या होतात. झाडाचं वय, घेर न बघता घालणारे लोक आहेत, त्यांनी बागा खराब केल्या.

चैत्रपालवी

आणि साका, म्हणजे पिकलेल्या हापूसच्या गरात होणारा तो पांढरट भाग? तो पण डीएनएतच आहे का? कापल्याशिवाय कळत नाही, पाहुण्यांसमोर लाज जाते.

रेणू_प

साक्याचं कारण बरेच दिवस जमिनीची उष्णता, कॅल्शियम वगैरे धरलं जायचं. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतल्या कामातून पुढे आलं की मुळाशी कोय आहे. फळ झाडावर असतानाच आतलं बी रुजण्याच्या तयारीला लागतं आणि भोवतीच्या गरातून पाणी-अन्न ओढायला लागतं. गर पांढरट, स्पंजासारखा होतो. म्हणून कोयीलगतच सुरुवात. वाणाचा गुण यात आहेच, हापूसला होतो, रत्नाला होत नाही.

हातकलम

खूप चांगली चर्चा, पण मूळ माणसाला कुणी साधी गोष्ट विचारलीच नाही. मी कलमं बांधतो, वडीलही बांधायचे.

कातळावरचा भाऊ, सांधा पाहिलात का?

आमचं कोय कलम असं होतं. पावसाळ्याच्या तोंडाला रायवळाच्या कोयी रुजत घालायच्या. रोप दहा-पंधरा दिवसांचं, दांडा अजून तांबूस असतो, तेव्हा शेंडा उडवून मधोमध चीर द्यायची. हापूसच्या काडीची पानं आठ-दहा दिवस आधीच काढून ठेवलेली असतात, म्हणजे डोळा टचटचीत होतो. काडीला पाचर करून त्या चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकची पट्टी आवळून बांधायची. म्हणजे झाड वरून हापूस, खालून रायवळ. सांध्याखालून फूट आली तर ती रायवळाची. वेळच्या वेळी खुडायची. पण वरची काडी मेली, गुरांनी खाल्ली, जळाली, तर खालचं रायवळ जोमाने वर येतं आणि माणसाला वाटतं कलम सावरलं. फळ आल्यावर कळतं. चोच, रेषा, हिरवा देठ, हे तुमचं वर्णन मला रायवळाचं वाटतं. नर्सरीने फसवलं असेलही, पण आधी हे बघा.

कातळावरचा

हातकलम दादा, आज बागेत जाऊन आलो. बांधाच्या बाजूने लावल्यानंतर दुसऱ्या उन्हाळ्यात गवताला वणवा लागला होता. ती झाडं होरपळली, पावसात पुन्हा फुटली, घरच्यांना आनंद झाला. आज बुंध्याची माती उकरून पाहिली. त्यातल्या बहुतेकांना जुना करपलेला खुंट बाजूला वाळून गेलेला दिसतो आणि आताचं खोड त्याच्या खालून, अगदी जमिनीतून आलेलं आहे.

पण जे मधल्या ओळीतलं आहे त्याला वणवा लागला नव्हता. सांधा दिसतो असं मला वाटतं, थोडा फुगवटा आहे आणि वरखालच्या सालीत फरक आहे. फळ त्याचंही हापूसचं नाही. गोल आहे, टोक लालसर, रस पातळ.

देवगडचो_बागायतदार

मधलं पायरी वाटतं.

पाटपाणी

पान चुरगळा!

रेणू_प

आता चाचणी खरी कामाची झाली. कातळावरचा, वरच्या पानाचा एकच नमुना देऊ नका. त्या मधल्या झाडाचे दोन द्या, एक वरच्या फांदीचं कोवळं पान आणि एक सांध्याच्या खालून किंवा मुळाच्या सालीखालचा ओला थर. दोन्हींचे आकडे सारखे आले तर सगळं झाड खालच्या रायवळाचंच आहे, वरची काडी कधीतरी मेली. वेगळे आले तर काडी जगली आहे, आणि वरचे आकडे हापूसशी जुळले नाहीत तर ती काडी हापूसची नव्हती. मग "जमिनीने गुण बदलला" याला जागाच उरत नाही, आणि ते कागदावर असेल. वरचे आकडे पायरीशी ताडून पाहिले तर बागायतदारांचा अंदाजही तपासता येईल.

सोबत तुमच्याच बागेतल्या ज्या झाडाच्या हापूसपणाबद्दल कुणालाच शंका नाही त्याचं पान द्या, आणि कृषी विद्यापीठाच्या मातृवृक्षाचं (कलमांना काड्या देणाऱ्या खात्रीच्या झाडाचं) मिळालं तर उत्तम.

नमुना घेताना पान ओलं पिशवीत कोंबू नका, काळं पडतं. आंब्याच्या पानात फिनॉल आणि डिंकासारखे पदार्थ भरपूर, डीएनए काढताना चिकट लगदा होतो, आम्हाला रडवतो. कोवळं, निरोगी पान पुसून, तुकडे करून, चहाच्या रिकाम्या पिशवीत घालून सिलिका जेलच्या बरणीत ठेवा. एका दिवसात कुरकुरीत व्हायला हवं. प्रत्येक पिशवीवर झाडाची खूण पेन्सिलने लिहा, पेनची शाई पसरते. आणि झाडाला तीच खूण पत्र्यावर कोरून बांधा.

कातळावरचा

करतो. नर्सरीवाल्यांनाही नमुना घेताना समोर बोलावतो, म्हणजे नंतर "भलत्याच झाडाचं पान दिलं" नको. उत्तर आलं की इथेच लिहीन. तोवर बांधावरची झाडं तोडून नवी कलमं लावू का?

हातकलम

तोडू अजिबात नका! कातळात एवढं मूळ उतरलेलं रायवळ कुठे मिळणार? जमिनीपासून हात-दीड हातावर कापा, नवी फूट येऊ द्या. पेन्सिलीएवढी जाड झाली की चांगल्या दोन-तीन ठेवून त्यांवर हापूसची काडी पाचरीने बांधा. काडी त्याच खात्रीच्या हापूसची घ्या ज्याचं पान तुलनेसाठी देणार आहात. आणि या वेळी बांधाच्या आतून गवत साफ करून जाळरेषा मारून ठेवा.

देवगडचो_बागायतदार

काड्या माझ्याकडून न्या. माणूस पाठवा, फक्त आधी फोन करा, पानं काढून ठेवायला आठ दिवस लागतात.